महापूर ओसरल्यानंतर जनावरांची, घरच्या प्राण्यांची आणि शिवारातल्या जिवांची काळजी

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसाला पुराची भाषा फुटांत कळते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांवर गेले की इशारा आणि 43 फुटांवर धोका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे 40 आणि 45. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी 55 फुटांच्या पुढे आणि आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेले होते, आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा घरे सोडावी लागली. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला दोन्ही नद्या मिळतात, त्यामुळे कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर या पट्ट्यात पाणी चढते लवकर आणि उतरते उशिरा. गावे सोडताना म्हशी-गाई साखर कारखान्यांच्या आवारात, शाळांच्या मैदानांवर, नातेवाइकांच्या दारात नेऊन बांधल्या जातात आणि आठ-दहा दिवसांनी परत आणल्या जातात.

या पट्ट्यात जनावरांबरोबर राहून मला जे कळले ते एवढेच, की पुराच्या पाण्यातून वाचलेली बरीच जनावरे पाणी उतरल्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत दगावतात. त्या वेळी घरातला प्रत्येक माणूस गाळ उपसण्यात, भांडी धुण्यात आणि पंचनाम्याच्या रांगेत गुंतलेला असतो, आणि जनावर उभे आहे म्हणजे बरे आहे असे सगळ्यांनी धरलेले असते. म्हणून पुढची कामे ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने लिहिली आहेत.

गोठ्यात शिरण्याआधी

गोठ्याचा मेन स्विच बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय आत पाय ठेवू नये. कडबाकुट्टी यंत्राची मोटर पाण्यात बुडालेली असते, वायरीच्या जोडांत ओल असते, आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या जनावराला माणसापेक्षा कमी दाबाचा धक्काही जिवावर बेततो. ती मोटर वायरमनने उघडून, वाळवून, तपासून दिल्यावरच चालू करावी. तोपर्यंत कुट्टी विळ्याने करावी लागली तरी चालेल.

दुसरी खात्री सापांची. पाणी चढते तेव्हा नाग, घोणस, मण्यार हे सगळे उंच आणि कोरड्या जागी येतात, आणि कडब्याची गंजी, गव्हाणीखालचा कोनाडा, कौलांची उतरंड, उलटे पडलेले घमेले यांच्याइतकी सोयीची जागा त्यांना दुसरी नसते. पहिल्या दिवशी गमबूट घालून, हातात लांब काठी घेऊन, उजेडात सगळ्या वस्तू हलवून पाहाव्यात. पेंढी उचलताना हात खाली घालू नये. पुरात दिसणाऱ्या सापांपैकी बरेच दिवड, म्हणजे बिनविषारी पाणसाप असतात, पण ओळख पक्की नसेल तर दूर व्हावे आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

त्यानंतर गाळ. गाळ ओला असतानाच काढावा, कारण वाळल्यावर तो फरशीला धरतो आणि त्याची धूळ जनावरांच्या नाकातोंडात जाते. गाळ काढून जमीन पाण्याने धुवावी, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने (10 लिटरला 400 ग्रॅम) गव्हाण, भिंतीचा खालचा भाग आणि जमीन घासावी. सोड्याचे पाणी लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर चालते. पुन्हा साध्या पाण्याने धुऊन जमीन वाळू द्यावी आणि कोरड्या जमिनीवर चुन्याची फक्की टाकावी. ओल्या जमिनीवर टाकलेला चुना जनावराच्या कासेला आणि खुरांना भाजतो, म्हणून ही घाई करू नये. मातीची जमीन असेल तर वरचा तीन-चार इंचांचा थर खरवडून मुरूम टाकावा. गोठा वाळलेला नसेल तर आणखी दोन दिवस जनावरे बाहेर उंचवट्यावर बांधलेली बरी.

हे करणाऱ्या माणसानेही स्वतःला जपावे. पुराच्या गाळात उंदरांचे आणि जनावरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या भेगांतून, हाताच्या ओरखड्यांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जातात. जखम झाकावी, हातमोजे वापरावेत, आणि ताप, पोटऱ्यांत दुखणे किंवा डोळे लाल होणे दिसले तर आपण गाळात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पहिल्या दिवशीची तपासणी

परत आलेले प्रत्येक जनावर हाताने तपासावे. नुसते नजरेने पाहणे पुरत नाही. गाईचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. थर्मामीटर घरात ठेवणे हा दूध उत्पादकासाठी पन्नास पिशव्या पेंड घेण्याइतकाच आवश्यक खर्च आहे, असे माझे मत आहे. डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट भागावर, मूठ दाबून ठेवली तर दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोटाची हालचाल हाताला जाणवली पाहिजे. जाणवली नाही, किंवा जनावर रवंथ करत नसेल, तर त्याचे पोट बंद पडत चालले आहे.

जे जनावर पाण्यातून पोहत बाहेर आले आहे त्याच्या फुप्फुसात पाणी गेलेले असू शकते. ते पहिल्या दिवशी ठीक दिसते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकू लागते, नाकातून शेंबूड येतो, श्वास भराभर चालतो. अशा जनावराला नळीने किंवा बाटलीने कोणतेही औषध पाजू नये, तर पशुवैद्यकाला बोलवावे. खरे तर जीभ बाहेर ओढून बाटलीने तेल किंवा काढा ओतण्याची आपली जुनी सवय कोणत्याच जनावराच्या हिताची नाही, कारण जीभ धरलेली असताना त्याला गिळता येत नाही आणि ओतलेले थेट श्वासनलिकेत जाते.

मग चारही खूर धुऊन पाहावेत. पाच-सहा दिवस पाण्यात उभे राहून खूर मऊ पडतात, बेचक्यात जखमा होतात आणि काही दिवसांनी जनावर लंगडू लागते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने खूर धुवून कोरडे करावेत. जनावरे जास्त असतील तर गोठ्याच्या दारात उथळ खड्डा करून त्यात लिटरला 50 ग्रॅम या प्रमाणात मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) पाणी ठेवावे आणि पाच मिनिटे जनावरे त्यात उभी करावीत. मेंढ्यांना मोरचूद फार विषारी ठरते, त्यामुळे त्या हे पाणी पिणार नाहीत याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. दाव्याने मानेला आणि वेसणीने नाकाला झालेल्या जखमाही याच वेळी पाहाव्यात, कारण पावसाळ्यात माशी बसली की दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात.

वैरण आणि पाणी: सर्वांत जास्त चुका इथेच होतात

उपाशी राहून आलेल्या जनावराला पोटभर खायला घालावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि तेच त्याच्या जिवावर उठते. चार-पाच दिवस अर्धपोटी राहिलेल्या जनावराच्या कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, पचनाचे जिवाणू कमी झालेले असतात. अशा पोटात एकदम पेंड, भरडा, भिजलेले गहू-तांदूळ गेले की आम्ल तयार होते, पोट बंद पडते, जनावर बसते आणि उठत नाही. 2019 मध्ये मदत म्हणून आलेल्या चपात्या, भात आणि भाकरी उरल्या, त्या टाकायला जीव होईना म्हणून लोकांनी टोपलीभर म्हशींपुढे ओतल्या. माझ्या ओळखीच्या एका घरात पुरातून सुखरूप आणलेली, तीन महिन्यांची गाभण म्हैस त्या भाताने गेली. घरातल्या बाईंनी तो भात प्रेमानेच घातला होता. शिळे अन्न, फुगलेले धान्य आणि शिधावाटपातला उरलेला तांदूळ जनावराला घालू नये, ही गोष्ट पुरानंतर प्रत्येक घरात मोठ्याने सांगायला हवी.

पहिल्या दिवशी फक्त कोरडी वैरण, दोन-तीन किलो, दोन-तीन वेळा विभागून द्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती निम्म्या खुराकापर्यंत न्यावी. पेंड चौथ्या दिवसापासून अर्धा किलो सुरू करून आठ-दहा दिवसांत नेहमीच्या मापावर आणावी. रोज मोठ्या जनावराला 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूट नव्हे, मूठभर मीठ द्यावे. दूध कमी येते म्हणून घाबरू नये. पोट सावरले की दूध आपोआप वाढते.

पाणीही थोडे थोडे द्यावे. तहानलेल्या वासरांनी एकदम बादलीभर पाणी प्यायले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते. सुरुवातीला दर अर्ध्या तासाने दोन-तीन लिटर पाणी, त्यात थोडा गूळ आणि मीठ, अशी सुरुवात करावी. पाणी कोठले, हाही प्रश्न आहे. बुडालेल्या विहिरीचे पाणी उपसून टाकावे, आणि साठवलेल्या पाण्यात 1000 लिटरला 5 ग्रॅम ब्लिचिंग पावडर घालून अर्धा तास ठेवावे. दुभत्या म्हशीला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागते, त्यामुळे टँकरचे पाणी माणसांपुरते मागून भागत नाही, जनावरांची संख्याही ग्रामपंचायतीत आधी नोंदवावी.

आता वैरणीचे प्रकार. भिजलेला कडबा ऊन मिळाल्याबरोबर पसरून वाळवावा. ओली गंजी आतून तापते आणि बुरशी धरते. काळी-हिरवी बुरशी दिसली, किंवा कुबट वास आला, की तो कडबा खतात टाकावा. बुरशीचे विष लिव्हर खराब करते, गाभण जनावर गाभडते आणि ते विष दुधात उतरते. भिजलेली सरकी आणि शेंगदाणा पेंड यांना हाच नियम लागू आहे, पैसे कितीही गेलेले असोत. मुरघासाची, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या वैरणीची, बॅग फाटलेली नसेल तर आतला मुरघास चांगला राहतो, फाटलेली असेल तर वापरू नये.

पुरानंतर उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, फुकट आणि भरपूर मिळते. त्यावर गाळाचा थर असतो, आणि तो पोटात साचून जनावर खाणे सोडते, म्हणून वाढे दोन पाण्यांनी धुवावे. आठवडेच्या आठवडे नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या जनावराच्या शरीरातले कॅल्शियम त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कमी होते. कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि निम्मी तरी दुसरी वैरण घालावी. पाणी ओसरल्यावर बुडख्यातून फुटलेली ज्वारी हिरवीगार दिसते, पण ती पोटात गेली की किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतले विष भिनते, आणि घटकाभरात जनावर आडवे होते. गुडघाभर ज्वारीत पुराचे पाणी शिरलेल्या शेतात जनावर सोडूच नये. विरघळलेल्या युरियाच्या पोत्यांचे आणि वाहून आलेल्या कीटकनाशकांच्या डब्यांचे पाणी साचलेले डबके कुंपण घालून बंद करावे.

रोग: कोणता केव्हा येतो

घटसर्प पहिल्या आठवड्यापासून येतो. ताप 105-106 अंशांपर्यंत चढतो, गळ्याखाली गरम, दुखरी सूज येते, श्वास घेताना घरघर ऐकू येते आणि बऱ्याचदा चोवीस तासांत खेळ संपतो. म्हशींना तो जास्त होतो. फऱ्या सहा महिने ते दोन वर्षांच्या धडधाकट वासरांना आणि पाड्यांना धरतो. मांडीवर किंवा फऱ्यावर सूज येते आणि ती दाबली की करकर असा आवाज येतो. दोन्ही रोगांत पहिल्या काही तासांत प्रतिजैविक मिळाले तर जनावर वाचू शकते, म्हणून रात्र असली तरी थांबू नये. पशुवैद्यकीय सेवेसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे या लसींची खरी वेळ मे-जूनची आहे. पुरानंतर टोचायची ती ताप नसलेल्या जनावरांना, आणि प्रत्येक जनावरासाठी वेगळी सुई वापरून.

गळ्याची सूज पाहून तिला चटके देण्याचा प्रकार अजूनही होतो. त्यात मोलाचे तास जातात आणि जनावराला निष्कारण वेदना होतात.

कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, तो चिखलात बसल्याने आणि धारा चुकल्याने येतो. रोज पहिली धार काळ्या कापडावर काढून गुठळ्या दिसतात का पाहावे. धार काढल्यानंतर सडांची तोंडे अर्धा तास उघडी असतात, त्या वेळी पुढे वैरण टाकून जनावर उभे ठेवावे. औषध चालू असलेल्या जनावराचे दूध पशुवैद्यक सांगतील तितके दिवस संकलन केंद्रावर घालू नये आणि वासरालाही पाजू नये.

शेळ्या-मेंढ्यांना पावसानंतरचे कोवळे गवत पोटभर मिळाले की आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा रोग, होतो, म्हणून चरायला सोडण्याआधी थोडा कोरडा पाला द्यावा. कोंबड्यांचे ओले तूस रोज काढावे. विष्ठेत रक्त दिसले तर ते कोक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाचे लक्षण आहे.

दुखणे थांबवण्यासाठी माणसांच्या डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन जनावराला देऊ नये. जनावरांसाठी त्याचा वापर भारतात 2006 पासून बंद आहे, कारण असे इंजेक्शन दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडे आहेत, आणि 2021 च्या पुरात बुडालेले महाड त्याच जिल्ह्यात आहे. पशुवैद्यकाकडे मेलॉक्सिकॅमचा सुरक्षित पर्याय असतो.

मेलेले जनावर

पुरण्याआधी फोटो घ्यावा. कानातला बारा अंकी बिल्ला, जनावराचे तोंड, पूर्ण शरीर आणि मागे ओळखता येईल अशी जागा, असे तीन-चार फोटो असावेत, आणि बिल्ला कापून जपून ठेवावा. पंचनाम्यासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना लगेच कळवावे. 2022 च्या आपत्ती निधीच्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला 37,500 रुपये, ओढकामाच्या मोठ्या जनावराला 32,000, वासराला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये अशी मदत ठरलेली होती. राज्य शासन प्रत्येक आपत्तीनंतर स्वतंत्र निर्णय काढते, त्यामुळे त्या वेळचा आदेश तहसील कार्यालयात वाचावा. बिल्ला नसलेल्या म्हशीचे नुकसान सिद्ध करताना माझ्या शेजाऱ्यांना एका कार्यालयात पाच फेऱ्या माराव्या लागल्या. त्यानंतर आमच्या गल्लीत एकही जनावर बिल्ल्याविना राहिले नाही.

खड्डा आठ फूट खोल घ्यावा आणि विहीर, बोअर, ओढा यांपासून निदान 100 मीटर लांब असावा. नदीकाठच्या काळ्या रानात पुरानंतर चार-पाच फुटांवरच पाणी लागते, म्हणून गायरान किंवा माळाची उंच जागा ग्रामपंचायतीने जेसीबीसह आधीच ठरवून ठेवावी. खाली आणि वर चुना टाकून माती भरावी आणि कुत्री उकरू नयेत म्हणून वर काटे-दगड ठेवावेत. नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त आलेले जनावर काळपुळीने (अँथ्रॅक्सने) गेलेले असू शकते. त्याला चिरू नये, कातडे काढू नये आणि पशुवैद्यक येईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नये.

कुत्री आणि मांजरे

घर सोडताना साखळीला बांधून ठेवलेले कुत्रे हे पुरातले सर्वांत केविलवाणे दृश्य आहे, आणि ते पूर्णपणे टाळता येते: नेता येत नसेल तर निदान साखळी सोडावी. परत सापडलेल्या कुत्र्याला कोमट पाण्याने आणि साबणाने आंघोळ घालून, कान आणि बोटांमधली जागा कोरडी करून, पहिले दोन दिवस थोडे थोडे, मऊ अन्न द्यावे. कुत्र्यालाही लेप्टो होतो. उलट्या, गडद पिवळी लघवी, पिवळे डोळे दिसले तर लगेच दवाखाना गाठावा आणि त्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी. घाबरलेले ओळखीचे कुत्रेही चावते. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. मांजर बहुधा स्वतःच परत येते, तेव्हा तिच्या जुन्या जागी तिची ओळखीची गोणपाटाची घडी ठेवावी.

शिवारातले जीव

सांगली जिल्ह्यातल्या भिलवडी, औदुंबर, डिग्रज या भागात कृष्णेत मगरी आहेत, आणि पुरात त्या ओढ्यांत, मळ्यांत आणि उसाच्या फडांत शिरतात. पाणी ओसरल्यानंतर काही आठवडे ओढ्याकाठी एकट्याने जाऊ नये, जनावरे धुवायला नदीवर नेऊ नयेत आणि उसात शिरताना आवाज करत जावे. मगर दिसली तर गर्दी हटवणे हेच गावकऱ्यांचे काम. तिला दगड मारला किंवा दोरी टाकली तर ती परत पाण्याकडे जाण्याऐवजी जागीच लढते. पकडण्याचे काम वन विभागाचे.

घोरपड, कासव, कोल्हा, मोर यांपैकी काहीही सापडले तरी घरी ठेवू नये. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे तो गुन्हा आहे. घरट्यातून पडलेल्या किंवा भिजलेल्या पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात, कोरड्या कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. वटवाघूळ उघड्या हाताने धरू नये. झाडावर अडकलेल्या माकडांना अन्न टाकण्यापेक्षा पाणी उतरून त्यांना वाट मिळेपर्यंत लांब राहावे.

दिवाळीच्या आसपास

पुरानंतर साचलेल्या डबक्यांत गोगलगायी वाढतात आणि त्यांच्यातून पर्णकृमी, म्हणजे यकृतात राहणारे चपटे जंत, गवतावर येतात. त्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो: जनावर खंगते, दूध घटते, जबड्याखाली थंड, मऊ सूज येते, आणि तोवर पूर विसरलेला असतो. शेण एका डबीत भरून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्यावे आणि अहवालाप्रमाणे पर्णकृमीचे औषध द्यावे. साधे जंताचे औषध प्रत्येक वेळी पर्णकृमीवर चालत नाही, म्हणून कोणते औषध दिले याची नोंद बिल्ल्याच्या क्रमांकासमोर तारखेसह वहीत करावी. त्याच वहीत पुढच्या मे महिन्याच्या पानावर घटसर्प आणि फऱ्याच्या लसीची तारीख लिहून ठेवावी.